काळवंडलेला कोपरा

"आणि नाही सापडलं तर?" भवानपुरी बाबांनी विचारलं.

"तर एजंट शब्द बदलून पुन्हा शोधतो," सारंग म्हणाला. "तरीही नाही, तर आणखी बदलून. थकत नाही, बाबा."

"कंटाळतही नाही?"

"नाही."



मठात चारशे बारा पोथ्या होत्या. बाबांचा शिष्य सारंग तीन वर्षं या पोथ्यांच्या मागे लागला होता. पानापानाचे फोटो काढले, जुनं अक्षर संगणकाला वाचायला शिकवलं, आणि आता त्यावर शोधायचं एक साधन बसवलं. ते माणसांसाठी नव्हतंच. ते होतं एजंटसाठी, म्हणजे संगणकातल्या त्या मदतनिसासाठी, जो आपला प्रश्न घेतो आणि आपला आपण सगळं धुंडाळून येतो. अकरा हजार पानांतला कुठलाही शब्द तीन सेकंदांत त्याच्या हाती.

काम चोख झालं होतं. ते चोख झालंय, हे सारंगला अंमळ जास्तच ठाऊक होतं.

त्याच्या हातांत पांढरे हातमोजे होते. पोथ्यांपाशी तो ते घातल्याशिवाय यायचा नाही. समोर एक कागद ठेवला होता. त्यावर बाबांची सही झाली, की सगळ्या पोथ्या कायमच्या बंद खोलीत जाणार होत्या.

"माणसांच्या हातांनी कागद खराब होतो, बाबा. आता कुणी हात लावायची गरजच उरली नाही."

बाबांनी कागद गुडघ्याखाली सारला. "बघू."

तेवढ्यात दाराशी शकुंतलाबाई आल्या. गावातल्याच. यजमान जाऊन चार महिने झाले होते.

"बाबा, माझी सकाळ जात नाही," त्या म्हणाल्या. "ते पाचला उठून चहा मागायचे. अजून पाचलाच जाग येते, पण उठावंसं वाटत नाही. रोज वाचायला एक पान सांगा. फार नको... एकच."

बाबांनी सारंगकडे पाहिलं. "विचार तुझ्या मदतनिसाला."

सारंग खुलला. टॅबलेटवर त्यानं प्रश्न घातला. एजंटनं शोक शोधला, दुःख शोधलं, वियोग, विरह, मरण, सगळं शोधलं. चारशे अडतीस जागा निघाल्या. त्यांतून निवडून त्यानं एक पान पुढे केलं. देह कसा नाशिवंत आहे, ते सांगणाऱ्या सुरेख ओव्या होत्या.

शकुंतलाबाईंनी चष्मा लावून त्या नीट वाचल्या.

"खरंय," त्या म्हणाल्या, आणि टॅबलेट परत दिला.

"दुसरं दाखवू का, काकू? अजून चारशे सदतीस आहेत."

"राहू दे, बाळा. ते मला माहीत आहे."

बाबा उठले. कपाटातून लाल रुमालात बांधलेली एक पोथी आणली. रुमाल सोडला, वरची फळी बाजूला केली. पान मात्र एकही उलटलं नाही. पोथी डोळ्यांसमोर आडवी धरून ते नुसत्या कडा पाहत राहिले.

सगळ्या कडा फिक्या पिवळ्या होत्या. एकाच पानाचा उजवा कोपरा काळवंडला होता.

ते पान त्यांनी अलगद ओढून काढलं आणि शकुंतलाबाईंच्या हातात दिलं.

त्यात शोक नव्हता, मरणही नव्हतं. कुणा जुन्या महंतानं मठासाठी लिहिलेला दिनक्रम होता.

'उठावे. तोंड धुवावे. अंगण झाडावे. चूल पेटवावी. दाराशी कोणी आले असल्यास पाणी विचारावे. कोणी आले नसल्यास थोडी वाट पाहावी.'

शकुंतलाबाई शेवटच्या ओळीशी थांबल्या. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. त्यांचा अंगठा नेमका त्या काळ्या डागावर टेकला होता. चार महिन्यांत गावानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता त्या रडल्या.

"इथं माझ्याआधी कुणीतरी बसून गेलंय," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जण..."

जरा वेळानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "उतरवून घेऊ का हे?"

"उतरवून कशाला?" बाबा म्हणाले. "रोज सकाळी येऊन वाच. येताना मात्र अंगण झाडून ये."

त्या गेल्या. सारंग टॅबलेट घेऊन पुढे सरकला.

"बाबा, त्या पानात दुःखाचा एकही शब्द नाही. एजंटला ते सापडणार कसं?"

"त्या पानाचा फोटो तूच काढलास ना?"

"हो."

"दाखव."

सारंगनं टॅबलेटवर ते पान उघडलं. अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं. कोपराही लख्ख होता.

"डाग कुठं गेला?"

सारंगनं मान खाली घातली. "मी पुसला. फोटोतला... सगळ्याच पानांवरचे पुसले. डागांमुळे अक्षरं ओळखताना यंत्राचा गोंधळ व्हायचा."



सारंगला मनापासून लाज वाटली. तीन वर्षं त्यानं जे कचरा म्हणून काढून टाकलं होतं, ते आता त्याच्यासमोर पडलं होतं. पण पोरगा हाडाचा कामसू. लगेच उपायही सुचला.

"मूळ फोटो ठेवलेत मी, बाबा. डाग परत आणता येतील. कुठल्या पानावर किती हात पडले, तेही एजंटला सांगता येईल. मग तरी त्याला सापडेल?"

"सापडेल. हुशार आहे तो."

बाबांनी गुडघ्याखालचा कागद काढून सारंगच्या मांडीवर ठेवला. सहीची जागा कोरीच होती.

"आणि तुला?"

सारंगनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्या पानाकडे हात पुढे केला.

"हातमोजे काढ," बाबा म्हणाले.