कारवीचा वास

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या जांभळीच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. पोळ्याच्या दारावर पहारा होता आणि पहाऱ्यावर थोरली होती. पंखांच्या कडा फाटलेल्या, पण नाक असं की घरच्या मेणाचा वास ती दहा वासांखालून हुडकून काढी.

त्या वर्षी पाऊस हटेना. मध तळाला गेला. त्यातच परक्या माश्या दोनदा येऊन लुटून गेल्या. राणीचा हुकूम सुटला, "परका वास आला की मारा!"

एका सकाळी एक माशी धापा टाकत दारात उतरली. अंगभर पराग, आणि वास असा की पोळ्यात कुणालाच ठाऊक नव्हता.

"लुटारू!" तरुण पहारेकरणी नांग्या परजून धावल्या.

"मी घरचीच आहे गं! काल वाट चुकले होते..."

"घरची म्हणे! लुटारूही हेच म्हणतात."

थोरलीलाही तो वास परकाच वाटला. खोटं कशाला सांगू? पण ती मध्ये पडली.

"धरून ठेवा तिला. आत सोडायची नाही, नि मारायचीही नाही. मारायला काय अक्कल लागते? मेलेली पुन्हा उठवता येईल का तुम्हाला?"

"पण आजी, हुकूम आहे."

"हुकूम पोळं वाचवायला आहे, आपल्याच पोरी मारायला नाही!"

तिने माशीच्या अंगावरचे पराग पुसले. खाली घरच्या मेणाचा मंद वास निघाला. "बोल, कुठून आलीस?"

माशीने उंबऱ्यावरच नाचून वाट दाखवली. उगवतीचा कडा.

"सापळा असला तर?" एकीने विचारलं.

"मग मीच जाते. असला सापळा तर एक म्हातारी जाईल, पोळं राहील. पण मी येईस्तोवर हिला धक्का लागला, तर माझ्याशी गाठ आहे!"

कड्यापलीकडे उतारच्या उतार जांभळा झाला होता. कारवी! सात वर्षांतून एकदा फुलणारी. माशीचं आयुष्य ते केवढं. हा वास ओळखणार तरी कोण?

थोरली परतली, ती तोच वास अंगावर घेऊन. दारात तरुणींनी तिलाच धरलं.

"अगं, मी आहे!"

"आत सोडायची नाही, नि मारायचीही नाही," सगळ्यात धाकटी ठसक्यात म्हणाली आणि तिचे पराग पुसू लागली.

थोरली अशी हसली की फाटके पंख थरथरले. "शाब्बास गं वाघिणींनो! आता डोळे मिटले तरी चिंता नाही."

मग वाट चुकलेल्या माशीला आत घेतलं, आणि कारवीचा वास प्रत्येक पहारेकरणीला हुंगवला गेला. पोळं मधाने भरलं. पहारा उठवा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं, तर थोरलीच डसली असती. आणि बरंच झालं. चारच दिवसांनी एक लुटारू कारवीत लोळून आली. धाकटीने पराग पुसले. खाली घरचा वास नव्हता. लुटारू दारातूनच परत गेली.

तात्पर्य: संशय आला तर अडवावं, पण खात्री पटल्याशिवाय मारू नये.