फाकड्याचं सोयर

गोजरानं हाक मारली आणि फाकडा खिंकाळला नाही, तिथंच ती थबकली. एरवी तिनं पागेच्या दारातून "फाकड्या" म्हणायचा अवकाश, घोडा आधी खिंकाळायचा आणि मग पुढचा पाय आपटून चंदी मागायचा. आज त्यानं नुसते कान हलवले. तो पायही नीट टेकलेला नव्हता. खुराचं टोक तेवढं जमिनीला लावून तो मुकाट उभा होता.

गोजरा मुळात भित्री. पेला पडला तरी दचकायची. तिनं धावत जाऊन बापाला आणलं. हैबती मोतद्दारानं घोड्याच्या पायावरून हात फिरवला. खुरावरचा सांधा गरम लागत होता, सुजला होता.

"सांध्याचा बंध ताणलाय," तो म्हणाला. "तुटला नाही हे नशीब. गार पाण्याच्या पट्ट्या आणि आराम. पावसाळा जाईल, पण पाय सुधारेल."

"आणि गडाच्या पायऱ्या?"

हैबती पट्ट्या भिजवायला उठला.

फाकडा साधा घोडा असता तर प्रश्नच नव्हता. पण त्यानं एकदा सुभानराजांना भरल्या पुरातून पैलतीराला नेलं होतं, आणि राजांनी खूश होऊन त्याला भर दरबारात मानकरी करून टाकलं होतं. 'जे मानकऱ्याला ते फाकड्याला, तसूभर कमी नाही!' मानकऱ्यांनी रोज सकाळी गड चढून मुजऱ्याला जायचं, म्हणून घोड्यानंही जायचं. अंगावर भरजरी शेला आणि खुराखाली दगडी पायऱ्या. ज्यानं जीव वाचवला त्याचेच पाय मोडायचे, याला त्या गडावर सन्मान म्हणत.

त्या सकाळी हैबती आणि गोजराबरोबर फाकडा लंगडत चढला. राजांच्या कपाळावर आठी पडली.

"दरबारात लंगडत यायची ही कुठली रीत?"

"पाय दुखावलाय, महाराज," हैबती हात जोडून म्हणाला. "थोडे दिवस पागेत राहिला तर..."

"मुजरा चुकवायचा? एक दिवसही नाही. घोडा बराही झाला पाहिजे आणि रोज वरही आला पाहिजे. पुनवेला लंगडताना दिसला, तर त्याला कड्यावरून लोटू आणि तुम्ही गाव सोडा."

दरबारात माना डोलल्या. तिथं माना पुष्कळ होत्या, आणि डोलण्यापलीकडे त्यांना उद्योग नव्हता. दिवाण त्र्यंबकपंतांनी तर वर शास्त्र सांगितलं, "चढण्यानं पाय मोकळा होतो, महाराज." पंत स्वतः पालखीतून चढत.

"चुलीत हात ठेवून भाजलेलं बरं करा म्हणे," गोजरा उतरताना पुटपुटली, आणि कुणी ऐकलं की काय म्हणून स्वतःच दचकली.

पट्ट्या बांधून सूज उतरायची, पायऱ्या चढून पुन्हा यायची. पुनव तोंडावर आली. अशात एका पहाटे सोनकळी घोडी व्याली. शिंगरू थेट बापाच्या वळणावर, कपाळावर तोच पांढरा टिळा.

"घ्या, फाकड्याला लेक झाला," गोजराची आई हसत म्हणाली. "आता मानकऱ्यांना सोयर आलं म्हणायचं."

गोजराच्या हातून बादली पडली. "आई, काय म्हणालीस? परत म्हण."

त्या दिवशी दरबारात फाकड्याची जागा रिकामी राहिली. राजे संतापले, शिपाई धावले, आणि घोड्याऐवजी गोजराच वर आली. प्रत्येक पायरीवर तिनं बोलायचं पाठ केलं होतं आणि पुढच्या पायरीवर विसरली होती. चोपदारानं काठी आपटली तशी ती टुणकन उडालीच.

"घोडा कुठाय?" राजे गरजले.

"त्याला लेक झाला, महाराज. सोयर आहे. घरात मूल जन्मलं की दहा दिवस देवाच्या दारी जायचं नाही, आणि महाराजांच्या गादीमागं तर साक्षात भवानीचा देव्हारा. मागं पंतांना नातू झाला, तेव्हा महाराजांनी त्यांनाही पायरीवरूनच परत पाठवलं होतं."

पंत उसळले. "अगं ए, जनावराला कसलं आलंय सोयर?"

"मग जनावराला कसला आलाय मुजरा, पंत?"

दरबारातल्या माना डोलायच्या थांबल्या. कुठल्या बाजूला डोलायचं हेच त्यांना उमगेना.

गोजराची जीभ आता थांबत नव्हती. "महाराजांनीच ठरवावं. फाकडा जनावर असेल, तर तो मुजऱ्याला बांधलेला नाही. मानकरी असेल, तर सोयर फिटेपर्यंत त्याचं पाऊल इथं चालायचं नाही. काय ते एक सांगा, तसं करते."

राजांनी मिशीवरून हात फिरवला.

"बरं. दहा दिवसांनी सोयर फिटेल. मग?"

"मग बिजली व्यायची आहे, महाराज. तिच्या पाठोपाठ चिमणी. मग गौरा..."

"सगळी फाकड्याचीच?"

"पागेत दुसरा नर महाराजांनीच ठेवू दिला नाही. मानकऱ्याचा अपमान होईल म्हणालात."

राजे असे हसले, की गादीवरचा लोड घरंगळून पंतांच्या पायाशी गेला.

"म्हणजे हा लबाड पावसाळा उलटेपर्यंत सोयरातच! पंत, मानकऱ्याला मुलगा झाला की आम्ही काय देतो?"

पंत पायाशी आलेला लोड उचलू लागले. "कुरण, महाराज. नदीकाठचं."

"आणि कुरणाची राखण?"

"मानकरी सांगेल त्याच्याकडे."

"मानकऱ्याच्या वतीनं ही पोरगी सांगेल. आम्ही हिच्याशी वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. उरलेली अब्रू सांभाळा."

हैबती कुरणाचा राखणदार झाला. त्या सपाट, मऊ जमिनीवर एकही पायरी नव्हती. घोड्या एकामागून एक व्यायल्या, सोयरावर सोयर चढलं, आणि फाकडा कुणालाही मुजरा न करता गार पट्ट्या बांधून चरत राहिला.

पाऊस ओसरला त्या सकाळी गोजरा चंदीची टोपली घेऊन बांधावर आली. घोडा लांब नदीकडे होता. हाक मारायला तिचा धीर होईना. शेवटी तिनं डोळे मिटले आणि ओरडली, "फाकड्या!"

नदीकडून खिंकाळी आली, आणि पाठोपाठ चारही टापांचा आवाज.