देवराईचा पाचोळा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक बुरडीण राहायची. सुपं-टोपल्या विणून पोट भरायची. गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती आणि तिथे वनदेवी म्हणून पुजलेला एक ओबडधोबड दगड. माघातली थंडी ओसरू लागली, पानगळ सुरू झाली, की बुरडीण खराटा घेऊन निघायची आणि देवराईभोवतीचा पाचोळा झाडून काढायची. सात दिवस, एकटी. हे व्रत तिला कोणी सांगितलं नव्हतं. लोक हसायचे, "आज जंगल झाडते, उद्या आभाळही झाडेल." तिच्या ते गावीही नसायचं.

देवराईला लागूनच कुंभाराचं घर होतं. त्याची आंधळी आई ओटीवर बसलेली असायची. खराट्याचा आवाज कानी पडला की म्हणायची, "चला, थंडी सरली."

एका हिवाळ्यात बुरडिणीचा तरणाताठा मुलगा तापाने गेला. तो अंथरुणात होता ते आठ दिवस ती देवीपुढे कपाळ घासत होती. देवी ढिम्म हलली नाही. माघ सरत आला, पाचोळा घोट्यापर्यंत साचला, तरी खराटा कोपऱ्यातच पडून राहिला.

आंधळी म्हातारी काठी टेकत तिच्या दारी आली. "यंदा खराटा ऐकू आला नाही गं?"

"यंदा नाही आणि पुढेही नाही. तिने माझं घर ओस पाडलं. मी तिचं अंगण का झाडू?"

म्हातारीने चाचपडत तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझंही खरंच आहे, बाई," एवढंच म्हणाली आणि परत गेली.

फाल्गुनात डोंगरावर वणवा लागला. तसा तो दर दोन-चार वर्षांनी लागायचाच आणि देवराईशी येऊन विझायचा. देवी थोपवते, असं सारं गाव मानायचं. बुरडीणही मानायची. यंदा मात्र तो भर दुपारी पाचोळ्यातून धावत आला, देवराई गिळून कुंभाराच्या छपराला भिडला. माणसं शेतावर होती. म्हातारी घरात एकटीच होती. संध्याकाळी तिला बाहेर काढलं, तेव्हा ओळखू येण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

"देवी कोपली," गाव म्हणालं. बुरडिणीला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तिला मात्र न झाडलेला पाचोळा आठवत राहिला. वर्षभर ते तिला आतल्या आत पोखरत राहिलं.

पुढच्या माघात तिने खराटा उचलला, पण आधी कुंभाराच्या नव्याने उभारलेल्या घराच्या दारी गेली.

"आग देवी थांबवत नव्हती," ती म्हणाली. "झाडलेली जमीन थांबवत होती. गेल्या साली मी रुसून बसले, म्हणून तुझी आई गेली."

कुंभाराने चाक थांबवलं. मग म्हणाला, "हे कोणाला कळलंही नसतं. मला कशाला सांगितलंस?"

"न सांगता झाडत राहिले असते, तर मुलगा गेला तरी देवीची सेवा सोडली नाही, म्हणून लोकांनी मला पुण्यवान म्हटलं असतं."

कुंभार उठला, आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. ते दार तिच्यासाठी पुन्हा कधीच उघडलं नाही.

बुरडीण देवराईत गेली. जळक्या खोडांना कुठेकुठे कोंब फुटले होते. पाचोळा असा नव्हताच. तिने देवीकडे काही मागितलं नाही. एका सकाळी उरकण्यासारखं काम होतं, तरी ती सातही दिवस झाडत राहिली, आणि मरेपर्यंत एकही माघ तिने चुकवला नाही.

तात्पर्य एवढंच: देवावर रुसावं, त्याच्याशी भांडावं, पण नेमाने करत आलेलं काम टाकू नये. त्याच्या आडोशाला कोण जगतंय, हे आपल्याला ठाऊक नसतं.