जुन्या दोराचं शेवटचं काम

गलबतं शिडांवर चालत, त्या काळची गोष्ट. भिकोजी तांडेलाने आपल्या म्हाताऱ्या गलबताचं शीड चढवायला नवा दोर आणला. डोलकाठीवरचा झिजका दोर बघून नवा फुशारला, “आजोबा, उतरा खाली! ती जागा आता माझी.”

“उतरतो की. पण तू वर येणार कसा, पोरा?”

नव्याने वर पाहिलं. दोराची कप्पी पार टोकाला होती. निमुळत्या काठीला तिथे माणसाचा भार पेलला नसता.

तेवढ्यात भिकोजीने दोघांची टोकं एकमेकांना शिवली आणि जुना दोर खाली ओढून घेतला. त्याच्या मागोमाग नवा सरसर चढला, कप्पीतून पार झाला.

भिकोजी टाके उसवू लागला, तसं नव्याला भरून आलं. “आजोबा, हे उपकार फेडू कसे?”

“तुझी उतरायची वेळ येईल ना, तेव्हा मागच्याचं टोक सोडू नकोस.”