साकवाखालचा माणूस

कुडेवाडीचा साकव बघायचा तर आश्विनात या. ओढ्याचं पाणी कमरेपर्यंत उतरलं की इथे लाकडा-बांबूचा नवा साकव बांधतात, आणि बांधणारा गडी आधी स्वतः त्याच्याखाली पाण्यात जाऊन उभा राहतो. मगच वरून पहिलं पाऊल पडतं. पाहुणे हसतात. हसू देत बापडे!

ही रीत राघोजी पालकरापासूनची, असं सांगतात. मोठ्या लढाईत राघोजी सफरमैनात होता. म्हणजे हातात बंदूक कमी, कुऱ्हाड नि दोरखंडच जास्त. ब्रह्मदेशच्या जंगलात ओढा आडवा आला की बांबू तोडायचे, पूल बांधायचा, पलटण पार करायची. जोडीला घाटावरचा केरबा. दोघं एका थाळीत जेवायचे म्हणे.

एकदा तीन दिवस पावसात भिजून राघोजी पार गळाला होता. शेवटची गाठ ओढून बघायची राहिली. सुभेदाराने विचारलं, "झालं का?" हा "झालं" म्हणून बसला. पुलावर पहिला चढला केरबा. गाठ सुटली, खाली पाणी फुगलेलं. केरबा पुन्हा दिसला नाही.

लढाई संपून राघोजी घरी आला, पण दोरीला हात लावीना. त्या साली जुना साकव पुरात गेलेला. पलीकडच्या वाडीचं दळण, दुखणं-खुपणं, सगळं अडलं.

"पलटणीला पूल बांधलेस, आणि गावाला साकव नाही होय रे?" लोक टोचून बोलत.

"माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही," एवढंच तो म्हणे.

शेवटी तो घाट चढून केरबाच्या आईकडे, सोनाईकडे गेला. पायांवर डोकं ठेवून खरं ते सांगितलं. म्हातारी रडली, तोंडाला येईल ते बोलली. मग डोळे पुसून म्हणाली, "बांध तुझा साकव. पयली मी चालणार."

आठ दिवस राघोजीने एकेक गाठ दहादा ओढली. सोनाईने साकवावर पाय ठेवला तसा तो धावत पाण्यात उतरला, मधोमध तिच्या वाटेखाली उभा राहिला. तुटला तर आधी माझ्या डोक्यावर तुटू दे! म्हातारी काठी टेकत पलीकडे पोचली, तरी हा डोळे मिटून तिथेच. तेव्हा ती वळली आणि ओरडली, "भाईर ये लेकरा, गारठशील!"

राघोजी पाण्यात उभ्या उभ्या ढसाढसा रडला म्हणे.

आजही गावातली सगळ्यात म्हातारी बाई आधी पार जाते आणि वळून तीच हाक देते. ती हाक ऐकल्याशिवाय बांधणारा बाहेर येत नाही, मग कितीका कुडकुडेना.