राजाच्या बुटाची टाच

एक होता राजा. होता म्हणजे होताच हो, कारण आपली गोष्ट सुरू होते तेव्हा तो मेलेला होता. तोंडं वाकडी करू नका. गोष्टीत काय सगळे जिवंतच असतात?

तर त्या राज्यात एक रीत होती, बरं का. माणूस गेला की त्याचे स्वतःचे जोडे धड करून घ्यायचे आणि टोकं बाहेर करून उंबऱ्याशी ठेवायचे. मग तो जीव ते घालून पुढच्या वाटेला लागायचा. जोडे मोडके असले तर बिचारा घरातच अडकायचा. पण राजपुत्र पडला नखरेल. बाबांचे जुने दरबारी बूट, त्यात डाव्याची टाच पार झिजलेली! लोक काय म्हणतील? म्हणून त्यानं आपले नवेकोरे जरीचे जोडे ठेवले.

मग काय झालं? दिवेलागणीला ओसरीवर आवाज आला. टक्... घस्स. टक्... घस्स. दिसत कुणीच नव्हतं. म्हातारी राणी कमळजाबाई दचकून उठली. "अगंबाई, ह्यांचीच चाल ही!" जन्मभर ऐकलेली, ती काय ओळखायची नाही? जरीचे जोडे आपले ठेवल्या जागी तसेच.

राजपुत्राच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं सटवाजी मोच्याला बोलावलं. सटवाजी थकलेला, पण हात अजून पक्का. त्यानं झिजलेली टाच खरवडली, जाड चामड्याचा तुकडा बसवला, बारीक खिळे ठोकले, कडा तासल्या, वरून मेण घासलं. बूट उंबऱ्याशी ठेवले. आणि दिवे लागले तशी पुन्हा टक्... घस्स. बघतात तर टाच उखडलेली!

सटवाजीनं पुन्हा ठोकली. पुन्हा उखडली.

आता कोण उखडत होतं ते सांगते, पण ओरडायचं नाही. राणी! होय, राणीच. दुपारी सगळे कलंडले की ती अडकित्त्यानं खिळे उपसायची आणि तुकडा पदरात लपवायची. दुष्ट होती का? छे गं. टाच धड झाली की ते जाणार, आणि ते गेले की ओसरी मुकी. माणूस नाही तर नाही, पायरव तरी राहू दे, एवढंच तिचं म्हणणं. ते दुःख तुम्हाला नाही कळायचं, आणि न कळलेलंच बरं.

राजपुत्र मात्र सटवाजीवर भडकला. "म्हाताऱ्या, आता टाच निघाली तर गाढवावर बसवून गावाबाहेर घालवीन!" सटवाजीनं हात जोडले. "महाराज, माझ्या हातचं काम असं सुटत नाही हो." तरी तो पुन्हा बसला. राणी तोंडाला पदर लावून आत निघून गेली. आणि दुपारी तिनं तिसऱ्यांदाही टाच उपसलीच. असलं कसलं ते जीव लावणं, मी म्हणते!

बरं, एवढ्यावर भागलं का? नाही. तिला आता आवाजही पुरेना. गेलेल्या माणसाची पावलं पिठात उमटतात म्हणतात ना, म्हणून सांजेला तिनं ओसरीभर तांदळाचं पीठ पसरलं. मग आलं, टक्... घस्स. पिठात उजवा बूट नीट उमटला. डावा फरफटला. आणि त्या फरफटीत एक लाल ठिपका. पुढं अजून एक. पुढं अजून एक.

राणीनं बूट उलटा करून पाहिला. तिच्या घाईत एक खिळा आतच राहिला होता, टोक वर करून. मेलेल्या माणसाला रक्त कुठून आलं म्हणता? मला नका विचारू. होतं.

"अगं आई गं! मीच टोचतेय की ह्यांना!" राणी मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली. सगळ्यांदेखत लेकाला म्हणाली, "सटवाजीच्या केसालाही धक्का लावू नकोस. चोर मी आहे." आणि पदरातला तुकडा काढून सटवाजीपुढं ठेवला.

सटवाजीनं आतला खिळा उपसला. तुकडा पुन्हा बसवला. मग हातोडी राणीपुढं केली. "आईसाहेब, तुम्हीच ठोका." राणीनं ठोकलं. एक एक खिळा आत गेला. शेवटच्याला मात्र तिचा हात वरच राहिला. सटवाजी बोटांत खिळा धरून तसाच बसून राहिला. मग राणीनं ओठ आवळले आणि तोही ठोकला.

बूट उंबऱ्याशी ठेवले. टक्. टक्. टक्. टक्. सरळ, कुठंही न अडखळता, पायऱ्या उतरून अंगणात, अंगणातून वेशीकडं. राणी अनवाणी मागं मागं गेली. वेशीशी थांबली. हाक मात्र मारली नाही तिनं. "सांभाळून जा हं," एवढंच म्हणाली. आवाज बारीक होत गेला, मग येईनासा झाला.

सगळे सुखी झाले का म्हणता? राजा झाला. राजपुत्रानं सटवाजीच्या पायावर डोकं ठेवलं, म्हणजे तेही दोघे झाले. राणीही झाली, पण उशिरानं. त्या रात्री ती एकटीच ओसरीवर बसून राहिली, आणि कान देऊनही काही ऐकू येत नव्हतं.

चला, निजा आता. पांघरूण घ्या नीट.