न विचारता फळलेला वेल

काही वर्षांपूर्वी डोंगरावरच्या थंडगार मळ्यात चंपाक्कांनी लवकर फळणारा, संकरित काकडीचा वेल लावला. गारठ्यात मधमाश्या पोळ्याबाहेर पडेनात. जुने वेल फुलं उघडून त्यांची वाट बघत राहिले. नव्याची जातच परागाविना फळणारी; त्याला मात्र माश्यांवाचूनच काकड्या लागल्या.

ऊन पडताच मुकादम माशी आली. "आम्हाला न विचारता फळलास?"

"तुम्ही झोपला होतात," वेल चाचरत म्हणाला.

"मग या काकड्या नव्हेतच. असला वेल उपटायला हवा."

जुन्या वेलांनी माना डोलावल्या. नवा वेल मुळापासून हादरला.

तेवढ्यात चंपाक्का आल्या. एक काकडी तिथंच चाखून त्यांनी टोपली भरली आणि वेलाला मायेनं पाणी घातलं.

माशी भरल्या टोपलीभोवती फिरली. मग म्हणाली, "बघितलंत? आमचा नुसता धाक असला तरी पीक येतं."

जुन्या वेलांना ते लगेच पटलं.